तो शब्द कोर्टात नको

"ए महारडे, ठेव तो नारळ! मालाला इटाळ करती का?"

पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये हंगामातली द्राक्षांची पहिली पेटी भरली होती. जी बाई पहिली पेटी भरेल तिनंच नारळ फोडायचा, अशी तिथली रीत. पेटी मी भरली होती. चाळीस बायका बघत होत्या. मालकानं नारळ माझ्या हातातून हिसकावून दुसरीला दिला. तिनं मान खाली घालून फोडला. प्रसाद मलाही मिळाला. वरून टाकलेला.

मी पोलिसांत गेले. खटला नाशिकच्या कोर्टात उभा राहिला. सरकारी वकील कोण हे कळलं तेव्हा मी रडले, आनंदानं. आमच्याच वस्तीतले. वस्तीतले पहिले न्यायाधीश झाले तेव्हा मी सातवीत होते, आईबरोबर त्यांना ओवाळलं होतं. पुढे खुर्ची सोडून ते सरकारी वकील झाले. लोक म्हणाले, खाली उतरले. आम्ही म्हणालो, आमच्यासाठी उतरले. भाबडेपणाला औषध नसतं.

साक्षीच्या सकाळी ते म्हणाले, "ताई, तो शब्द कोर्टात नको. बाईच्या तोंडी शोभत नाही. घाण बोलला म्हणा, पुढचं मी बघतो."

पिंजऱ्यात मी तसंच सांगितलं. त्यांनी पुढे काहीच विचारलं नाही. खाली बसले. मालकाचा वकील उठला. "म्हणजे जातीवरून काही बोलले, असं तुमचं म्हणणं नाही?" मी गोंधळले. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली.

बाहेर केसवरचा हवालदार म्हणाला, "बाई, शब्दच नाय आला साक्षीत. ॲट्रॉसिटी गेली की हातची."

मी साहेबांना जिन्यात गाठलं. "तुमी जज होता. तुमाला हे ठाऊक नव्हतं?"

ते घड्याळाकडे बघत हळूच म्हणाले, "अगं, तो शब्द भर कोर्टात आला की सगळे आधी माझ्याकडे बघतात. खुर्चीवर होतो तेव्हाही बघायचे. जन्म गेला तो पुसण्यात."

कीव आली, नाही असं नाही. पण शिवी मी खाल्ली आणि लाज यांना वाटत होती. मालक तरी परका होता. हा आमचा होता.

सुट्टीनंतर मालकाच्या वकिलानं तोच प्रश्न पुन्हा विचारला. आमचे साहेब फाइलमध्ये तोंड घालून बसले होते.

"सांगते," मी न्यायाधीशबाईंना म्हटलं. "सकाळी नाय सांगितलं, कारण आमच्याच वकिलानं मला गप केलं. मालक मला म्हणाला, महारडे. चाळीस बायांसमोर. मॅडम, हे असंच लिहा."

टाइप करणारा थांबला. "पुन्हा सांगा," म्हणाला.

सांगितलं. मोठ्यानं. आणि खरंच, सगळ्यांनी आधी साहेबांकडेच पाहिलं.

निकाल अजून लागायचाय. लागेल तसा लागो. पुढच्या तारखेला मी सरकारी वकील बदलून मागणारा अर्ज देणार आहे. त्यात कारण लिहिणार आहे, त्यांच्या नावासकट. ज्या हातानं ओवाळलं, त्याच हातानं.