न मारलेला कंद

इस्त्रीवाले काका एकतीस वर्षं वनस्पतिसंग्रहालयात झाडं दाबत आले. कागदात घालायची, फळ्यांत आवळायची, वाळली की पुठ्ठ्यावर शिवायची. कपड्यांच्या इस्त्रीपेक्षा हे बरं, गिऱ्हाईक तक्रार करत नाही.

बहिणीच्या घरामागच्या कड्यावर त्यांना एक ऑर्किड सापडलं. उघड्या खडकाला पांढऱ्या मुळांनी घट्ट धरलेलं; मुळांवर दव टिपणारं स्पंजासारखं आवरण, वर लसणाच्या गड्ड्यांएवढे हिरवे कंद. आधी पानं झडतात, मग बोडक्या देठावर एकच पिवळसर फूल येतं. या फुलाच्या खालच्या पाकळीवर तीन कंगोरे होते. नेहमीच्या प्रजातीत दोन असतात. संग्रहालयाच्या बाई भिंगातून बघता बघता खुर्चीतून उठल्या.

"नवी प्रजाती ठरली तर कडा वाचेल, काका. खाणवाल्यांना सुरुंग लावायला महिना आहे. पण फुलासकट अख्खा वाळलेला नमुना पाहिजे, फोटोवर प्रजाती ठरवणारी समिती ऐकत नाही."

कड्यावर त्या वर्षी हे एकच रोप फुललं होतं.

असा कंद दाबण्याआधी उकळत्या पाण्यात बुडवून मारावा लागतो. काकांनी हा धडा कित्येक नवशिक्यांना दिलेला. त्या दिवशी पाणी उकळून आटलं, आणि त्यांनी कंद तसाच दाबला. जगला तर पुन्हा खडकावर लावू, असा बेत.

"मला चटके देताना नाही कधी दया आली," घरी हे ऐकून काकू म्हणाल्या.

"तू कड्यावर राहत नव्हतीस," काका म्हणाले.

बाराव्या दिवशी फळ्या उघडल्या. कंद ठणठणीत होता, त्याला फिकट कोंबही फुटला होता. जगायचं ठरलं की झाड आधी फूल टाकतं. यानेही टाकलं होतं. कागदावर बुरशीचा एक डाग उरला होता. कंगोरे मोजायला पाकळीच नव्हती.

"न उकळता दाबलात? तुम्ही, काका?" बाई म्हणाल्या.

"मीच."

"कंद आणि मुळं दोन्ही प्रजातींची सारखीच दिसतात हो."

"माहीत आहे."

महिना संपला. बहिणीने कळवलं, स्वयंपाकघरात आता दुपारभर ऊन येतं.

काकांनी सुरुंगाने फुटलेल्या कड्याच्याच एका दगडाला कंद बांधून गॅलरीत ठेवला. पानं येतात, झडतात, पुढे काही होत नाही. बाई वर्षातून एकदा फोन करतात.

"फूल आलं का?"

"यंदाही नाही."

आलं, तर नमुन्याच्या चिठ्ठीवर 'कुठे आढळतं' या रकान्यात काय लिहायचं, हे दोघांनीही अजून विचारलेलं नाही.