बेसाच्या जिन्यापाशी

टायफॉइडने मी दीड महिना अंथरुणाला खिळले होते आणि त्या दिवसांत देवीशी माझं बोलणं बंद झालं. मी किन्नर आहे, सक्करदऱ्याला राहते आणि धंदा करून पोट भरते. आमच्या कामात आजारपणाची रजा नसते. पडून राहिलं की कमाई थांबते. फोटोतल्या जगदंबेला मी एकदा स्पष्टच सांगितलं, की तू आमच्यासारख्यांची नाहीस.

आमच्या कामाचे नियम आम्हीच घालून घेतले आहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे. एका वेळी गिऱ्हाईक एकच, पैसे आधी, निरोधाशिवाय काही नाही, आणि जोडीदारीण खाली थांबल्याशिवाय कोणाच्या घरी जायचं नाही. आजारातून उठून पहिल्यांदा कामाला निघाले, त्या दिवशी माझी जोडीदारीण रेश्मा गावी गेली होती. दुपारी शहराच्या कडेच्या बेसाहून एका ओळखीच्या गिऱ्हाइकाचा फोन आला. मी एकटीच आहे, हे माहीत असूनही गेले. अंगात ताकद नव्हती, पण डब्यात तांदूळही नव्हते.

इमारत नवी, निम्मी रिकामी. जिन्यापाशी एक म्हातारी बाई खाटेवर कुरडया वाळत घालत होती. मी मान खाली घालून पुढे निघाले, तर तिने विचारलं, "कोणाकडे जाऊन राहिली वं?" मी तिसऱ्या मजल्यावरचं घर सांगितलं. वाटलं, आता नाक मुरडेल. ती हात पुसत उठली. "तिथं तर चौघं हायेत. आताच गेले वर. तुले माहीत हाय का?"

मला माहीत नव्हतं. तिने मला खाटेच्या कडेला बसवलं, पाणी दिलं. फोन वाजत राहिला, मी उचलला नाही. मग त्या चौघांतले दोघे खाली आले आणि एकाने माझं मनगट धरलं. म्हातारी मध्ये येऊन उभी राहिली. आवाज न चढवता म्हणाली, "ही माझ्याकडं आली हाय. हात सोड तिचा." शेजारचं एक दार उघडलं, तसे ते माझा हात सोडून निघून गेले.

ऑटोपर्यंत ती माझ्यासोबत चालली. वाटेत तिने काम विचारलं आणि अनोळखी माणसाला मी पहिल्यांदाच खरं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मंग एकटी काहून आली?"

आठवड्याने साडी आणि नारळ घेऊन मी तिच्या घरी गेले. भिंतीवर बुद्धांची तसबीर होती. मी म्हटलं, देवीनेच तुम्हाला तिथे उभं केलं. ती हसली. "मी देवी मानत नाही वं. चौघं जाताना दिसले, म्हणून सांगितलं." साडी तिने ठेवून घेतली आणि नारळ माझ्या देवीसाठी परत दिला.

यावर मी वाद घालत नाही. त्या दुपारी मला कोणीतरी सांभाळलं, एवढं मला ठाऊक आहे, आणि त्याचं ऋण मानून मी रोज हात जोडते. शरण जाणं म्हणजे डोळे मिटून कुठेही जाणं नव्हे. आपला जीव आपल्या माणसांच्या हाती सोपवणं, हे मला तेव्हा कळलं. आता आमच्या वस्तीत आम्ही अकरा जणी आहोत. खाली बसणारीलाही कमाईतला वाटा मिळतो, आजारी पडणारीच्या घरी आळीपाळीने डबा जातो. नव्या जणींना काम शिकायला माझ्याकडे पाठवतात, तेव्हा माझी मान ताठ असते.

मागच्या आठवड्यात त्यांतल्या एकीने विचारलं, देवी खरंच राखते का. मी म्हटलं, "राखते वं. पण खाली कोणाले तरी बसवूनच वर जा."