भिंतीबाहेरून बाजार ऐकणारे काका

अख्ख्या ओमानमध्ये माणूस भेटला की चेहऱ्याआधी त्याच्या टाळूकडे बघणारा एकच माणूस असेल, आणि ते म्हणजे माझ्या मैत्रिणीचे बाबा. निझवाच्या एका हॉस्पिटलमध्ये काका ईईजी काढायचे. म्हणजे डोक्यावर बारक्या वायरी चिकटवायच्या आणि मेंदूतल्या विजेच्या रेषा स्क्रीनवर आणायच्या. त्यामुळे जगातली डोकी त्यांच्या लेखी दोनच प्रकारची, वायर चिकटेल अशी आणि तेल लावलेली. सुपरमार्केटमध्ये एखाद्या अनोळखी टकलाकडे ते इतक्या प्रेमाने बघत राहायचे की काकूंना ट्रॉली मधे घालावी लागायची. "अगं, काय सुंदर सरफेस आहे!" "अहो, माणूस आहे तो. चला पुढे."

शुक्रवारी आम्ही चार-पाच मराठी घरं कुणाकडे तरी जमायचो, आणि जेवणाआधी काका सगळ्यांना न्यूरॉन करायचे. खरंच! एका रांगेत उभं करायचे, हातात खजूर द्यायचे, आणि कुणी पुढच्याच्या हातात तो ठेवला की ओरडायचे, "हात लावू नकोस! न्यूरॉन चिकटलेले नसतात. मधे फट असते. फटीतून टाक!" मेंदूत त्या फटीतून रसायन जातं, आमच्याकडे खजूर जायचे. पुरेसे खजूर आले तरच तुम्ही पुढे टाकायचं. आणि शेजारच्याने 'थांब' म्हटलं तर आलेले खजूर वजा. 'थांब' म्हणायचं काम कायम काकूंकडे असायचं आणि त्या ते मनापासून करायच्या. एकदा माझ्या बाबांनी अर्धा खजूर खाऊन अर्धा पुढे टाकला, तर काका इतके वैतागले! "सतीश, अर्धं काही नसतं रे इथे! उडाला तर पूर्ण, नाहीतर खलास!" बाबा तोंड भरलेलं असतानाच म्हणाले, "मग माझा न्यूरॉन भुकेला आहे असं समज."

"पण मग काका, तुम्हाला स्क्रीनवर लोकांचे विचार दिसतात?" हे मी विचारलं होतं, बारावीत असताना. त्यावर ते मला दुसऱ्या दिवशी नाही तर बरोबर पुढच्या शुक्रवारी सकाळी बकऱ्यांच्या बाजारात घेऊन गेले. आत नाही हं, भिंतीबाहेर! आत लिलाव चाललेला, माणसं बकऱ्या घेऊन गोल फिरतायत, सगळे एकदम ओरडतायत. "काय ऐकू येतंय?" "गोंधळ." "कुठला बोकड कोणी घेतला?" "कसं कळणार?" "तेच. मी भिंतीबाहेर उभा असतो, बाळ. बाजार भरलाय, झोपलाय, की पेटलाय, एवढंच मला कळतं. आत कोण काय बोललं ते नाही."

मग गेल्या वर्षी बाबा ऑफिसच्या पार्किंगमध्ये पडले. हृदय थांबलं होतं. ते डॉक्टरांनी सुरू केलं, पण बाबा जागेच होईनात. मेंदूला मधे रक्त मिळालं नव्हतं, आत किती उरलंय हे बघायला ईईजी सांगितला. म्हणजे वायरी लावायला येणार ते आमचे काका.

आणि आईने काय केलं असेल? त्या दिवशी सकाळी भेटीच्या वेळेत तिने बाबांच्या डोक्याला खोबरेल तेल चोपडलं. दर शुक्रवारी ती लावायचीच, आणि तिला वाटलं डोक्याची तपासणी आहे तर डोकं शांत असावं. काका मशिन ढकलत आले, टाळूला बोट लावलं आणि ते दिव्याखाली धरून बघितलं. आईच्या लक्षात आलं. ती रडायलाच लागली, "माझ्यामुळे झालं का हो, भाऊजी?" मला वाटलं आता भाषण. पण काकांनी नर्सकडे कोमट पाणी मागितलं आणि स्वतः बाबांचे केस धुतले. कानात पाणी जाऊ नये म्हणून आडवा हात धरून. मग एकेक वायर लावली.

रेषा अगदी संथ होत्या. काकांनी टाळी वाजवली. मोठ्याने "सतीश!" म्हटलं. फारसं काही नाही. मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही बोला. घरचं काहीतरी." आई नर्ससमोर लाजली. मग वाकून म्हणाली, "अहो, सिलिंडर संपलाय. त्या माणसाचा नंबर तुमच्याच फोनमध्ये आहे, कुणाला सांगू मी?"

रेषा बदलल्या! मी बघितलं. त्या जरा दाटल्या, घाईघाईने हलल्या, मग परत संथ. काकांनी आईला ते परत बोलायला लावलं. परत तसंच.

"म्हणजे ऐकलं त्यांनी?" आईने त्यांचा हात धरला. मला वाटलं, हो म्हणा ना काका, काय जातंय!

"ते मला दिसत नाही, वहिनी," काका म्हणाले. "रिपोर्ट डॉक्टर देतील. पण बाजार भरलाय एवढं मी सांगतो. तुम्ही बोलत राहा."

आई बोलत राहिली. किराणा, माझी ॲडमिशन, शेजारच्यांची भांडणं. बाबा हळूहळू जागे झाले. त्यांना त्या दिवसांतलं काहीच आठवत नाही. सिलिंडर ऐकला का, हे आई अजून विचारते आणि ते मान हलवतात, नाही. त्यांचे शब्दही उशिरा येतात. वादीला, म्हणजे इथल्या कोरड्या नदीला, पाणी येऊन रस्ता बंद पडला की आपण डोंगराकडून वळसा घालून जातो, तसं चाललंय, असं काका सांगतात.

गेल्या महिन्यात काकांचं काँट्रॅक्ट संपलं. कायमचे नाशिकला निघाले. मस्कतला फ्लाइट, खाली गाडी उभी, काका-काकू आमच्याकडे फक्त निरोप घ्यायला आलेले. बाबांचे ओठ हलायला लागले. मी लगेच शब्द पुरवायला गेले, "बाय म्हणायचंय का, बाबा?" काकांनी मला हातानेच गप्प केलं. "थांब. निघालंय. पोचेल."

खाली ड्रायव्हरने हॉर्न दिला. कुणी हललं नाही.

"जेवून," बाबा म्हणाले. मग कितीतरी वेळ काहीच नाही. "जेवून जा."

काकूंनी घड्याळाकडे बघितलं आणि खांद्यावरची पर्स खाली ठेवली. आई "नुसता वरणभात आहे हं" म्हणत आत पळाली. मी खाली जाऊन ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. "फ्लाइट छूट जाएगा, मॅडम." "नहीं छूटेगा, इन्शाल्ला."

वर आले तर काका बाबांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले होते. वरणभात जेवत होते. आणि मग त्यांनी परत भात मागून घेतला.