तिसऱ्या संघाचं राष्ट्रगीत

तो संघ हरावा असं वाटणारा माणूस त्या दुपारी अख्ख्या बाजारात एकच होता, आणि तो म्हणजे किल्लीवाले काका. निदान काकांची तरी तशीच समजूत होती.

समोरच्या चष्म्याच्या दुकानातला टीव्ही रस्त्याकडे तोंड करून ठेवलेला आणि त्याच्यापुढे फुटपाथभर माणसं उभी. तीन देशांच्या एकदिवसीय स्पर्धेतला शेवटचा साखळी सामना चालू होता. आपला संघ आधीच अंतिम सामन्यात जाऊन बसला होता, त्यामुळे कुणाच्या जिवाला घोर नव्हता, आणि घोर नसला की माणूस फार उदार होतो. दुसरा संघ बलाढ्य, जगभर जिंकत फिरणारा. तिसरा एका चिमुकल्या बेटाचा, अगदी लिंबूटिंबू. त्यांचा यष्टिरक्षक म्हणे एरवी पोस्टात टपाल लावतो आणि सलामीचा फलंदाज शाळेत भूगोल शिकवतो. पण या लिंबूटिंबूंनी मध्ये एकदा दांडगाई करून आपल्यालाच हरवलं होतं, आणि आता या दोघांतला जो जिंकेल तो अंतिम सामन्यात. सगळा फुटपाथ बेटाच्या बाजूनं. काका मात्र दुकानात किल्ली घासत मनात म्हणत होते, देवा, यांना घरी पाठव. चांगली माणसं आहेत, यांची बायकापोरं वाट बघत असतील.

कारण तसंच होतं. काका दिवसा किल्ल्या करायचे आणि संध्याकाळी नगरपालिकेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. नुसते वाजवायचे नाहीत, पहिला ट्रम्पेट होता त्यांचा. तरुणपणी त्यांचा वरचा सूर असा लागायचा की मैदानावरची कबुतरं उठायची आणि पुढच्या रांगेतल्या बायका डोक्यावरचे पदर सावरायच्या. आता साखळी सामन्यांना राष्ट्रगीतं टेपवर वाजली तरी अंतिम सामन्याला मात्र मैदानावर आपला बँड हवा, असं ठरलं होतं. बँडच्या मास्तरांनी तालमीला दोनच राष्ट्रगीतं आणली, आपलं आणि बलाढ्यांचं. ढोल वाजवणाऱ्या पोस्टमननं विचारलं, ‘‘आणि तिसरं?’’ मास्तर म्हणाले, ‘‘ते येतायत होय फायनलला?’’ सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं काका हसले.

ते तिसरं राष्ट्रगीत काकांनी टीव्हीवर ऐकलं होतं. ऐकलं आणि चहाचा कप खाली ठेवला. सुरुवातीला बँड नाही, ढोल नाही, काही नाही. एकटा ट्रम्पेट उठतो, थेट वर जातो, चार ओळी एकट्यानं बोलतो आणि मग बाकीचे येतात. रिकाम्या रंगमंचावर पडदा वर जावा आणि मधोमध एकच नट उभा असावा, तसं. कधीकाळी अशा जागेसाठी काकांनी उपास केले असते. पण हिवाळ्यापूर्वी त्यांचे वरचे सगळे दात काढले होते आणि तोंडात कवळी आली होती.

कवळी दिसायला झकास होती. बायको म्हणाली, ‘‘लग्नातसुद्धा इतके चांगले दिसला नव्हता.’’ सफरचंद खाता येत होतं, बोलणं स्वच्छ होतं. पण ट्रम्पेट हा ओठांनी वाजतो असं लोकांना वाटतं. ओठ नुसते बोलतात, त्यांना टेका दातांचा असतो. पहिल्यांदा काकांनी जोरात फुंकर घातली तेव्हा कवळी जागची हलली, हवा बाजूनं निसटली आणि चहाची किटली उकळावी तसा आवाज आला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. तालमीत ते पूर्वीसारखेच छाती काढून उभे राहायचे, गाल फुगवायचे, बोटं कळांवर नाचवायचे. खालचे चार सूर खरे वाजवायचे आणि वरचे नुसते दाखवायचे. शेजारी दुसऱ्या ट्रम्पेटवर हॉस्पिटलमधल्या नर्सबाई असायच्या, त्यांचा दम मोठा. दोघांत मिळून एक ट्रम्पेट ऐकू यायचा आणि गाडं चाललं होतं.

तर फुटपाथवर एकदम आरडाओरडा झाला. बेटाच्या शेवटच्या जोडीला शेवटच्या षटकात आठ धावा हव्या होत्या. अकराव्या नंबरच्या खेळाडूनं डोळे मिटून बॅट फिरवली असावी, कारण चेंडू कुठे गेला ते आधी प्रेक्षकांना कळलं आणि मग त्याला. षटकार. पुढच्या चेंडूला दोन धावा, त्याही पडत-धडपडत. चष्मेवाला रस्त्यावर येऊन अनोळखी माणसांना मिठ्या मारू लागला.

दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानं विचारलं, ‘‘काका, तुम्हाला आनंद नाही झाला?’’

‘‘झाला की,’’ काका म्हणाले आणि यंत्र बंद केलं. किल्लीचा एक दात नको तेवढा खाल्ला गेला होता. ‘‘जरा उद्या या. ही बिघडली.’’

घरी बायकोनं दार उघडलं आणि एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘‘कोण हरलं?’’

‘‘कोणी नाही. बेटवाले जिंकले.’’

‘‘मग तोंड असं का? त्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?’’

काका खुर्चीत बसले आणि सगळं सांगून टाकलं. कवळी, किटली, नुसत्या नाचणाऱ्या कळा, सगळं. ती भाजी चिरत ऐकत होती. शेवटी म्हणाली, ‘‘झालं सांगून? आता मी सांगते. न्हाणीघरात नळ सोडून कोण ट्रम्पेट वाजवतं हो? मला काय, तुम्ही पाण्याशी जुगलबंदी करताय असं वाटलं?’’

‘‘तुला माहीत होतं?’’

‘‘भिंत केवढीशी आहे आपली. मी वाट बघत होते, तुम्ही कधी सांगताय याची.’’ तिनं सुरी खाली ठेवली. ‘‘मला सांगून उपयोग नाही. मास्तरांकडे जा. चपला काढल्या नाहीत अजून, ट्रम्पेट घ्या आणि तसेच जा.’’

मास्तर शिंप्याच्या दुकानावरच्या एका खोलीत राहायचे. काका जिना चढून गेले तेव्हा ते बनियनवर बसले होते आणि टेबलावर कोरे कागद पसरलेले. बँडमधल्या सगळ्यांना मास्तर तुम्ही म्हणायचे, पण काकांना त्यांनी हाफपँटमध्ये असल्यापासून शिकवलं होतं, तिथे अरे-तुरेच.

‘‘ये. तुझीच वाट बघतोय,’’ मास्तर म्हणाले. ‘‘बेटवाल्यांनी घोळ घातला.’’

‘‘मास्तर, मला तो ट्रम्पेट जमणार नाही. गेले कित्येक महिने मी वरचे सूर वाजवतच नाहीये. नुसता उभा राहतो. सगळं नर्सबाई वाजवतात.’’

मास्तरांनी चष्मा काढला. ‘‘अरे, मी बँडमास्तर आहे. बहिरा आहे का?’’

काका कोपऱ्यातल्या स्टुलावर टेकले.

‘‘तालमीला दोनच राष्ट्रगीतं का आणली असतील मी? मला क्रिकेट कळत नाही म्हणून? ती सुरुवात मी ऐकली आणि म्हटलं, ही काही या पोराच्या तोंडी घालायची नाही. बेटवाले यायचे नाहीत, आपली झाकली मूठ राहील. आज दुपारभर रेडिओला कान लावून बसलो होतो. त्या अकराव्या नंबरच्या माणसाला मी काय काय शिव्या दिल्यात, त्याच्या आईला कळलं तर मला घर सोडावं लागेल.’’

काकांना हसू आलं. दोन म्हातारे, एकाच बाजारात, एकमेकांपासून लपून एकाच संघाच्या मुळावर उठले होते.

‘‘नर्सबाईंना द्या,’’ काका म्हणाले. ‘‘त्या वाजवतील.’’

‘‘उत्तम वाजवतील. मला त्यांची काळजी नाही. पण ती जागा तू आज सोडलीस, तर पुढच्या तालमीला तुझी ट्रम्पेटची पेटी उघडायची नाही. आणि त्याच्या पुढच्या तालमीला तू यायचा नाहीस. मी असे पुष्कळ जाताना पाहिलेत.’’ मास्तरांनी कागद पुढे ओढला. ‘‘आता नळ न सोडता वाजवून दाखव. कुठपर्यंत जातोस, खरं खरं.’’

काका वाजवू लागले. सूर चढत गेला, मग एका पायरीवर कवळी कुरकुरली आणि किटली उकळली. खाली शिंप्याचं मशीन थांबलं.

‘‘दाताच्या डॉक्टरीणबाईंना विचारलंस?’’

‘‘त्यांना काय सांगू?’’

‘‘हेच.’’

दुसऱ्या दिवशी दुकान उशिरा उघडलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. ‘‘अहो काका, ही जेवायची कवळी आहे. वाजवायचंय हे आधी बोलायचं नाही का? वाजवा बघू इथेच.’’ काका खुर्चीत आडवे होते ते उठून बसले आणि वाजवलं. बाहेर नंबर लावून बसलेला एक दाढदुखीवाला आपली दाढ घेऊन चालता झाला. बाईंनी कडा घासल्या, टाळूकडे थोडी भर घातली, पुन्हा वाजवायला लावलं, पुन्हा घासलं. किटली दोन पायऱ्या वर सरकली. पण त्या सुरुवातीचा सूर अजून बराच उंच होता.

‘‘याच्यापुढे सवयीचा भाग आहे,’’ बाई म्हणाल्या. ‘‘वर्षभर लागेल. अंतिम सामना कधी?’’

‘‘रविवारी.’’

‘‘मग तो तुमच्या मास्तरांचा प्रश्न आहे.’’

मास्तरांनी तो त्याच संध्याकाळी सोडवला. तालमीला सगळ्यांपुढे नवे कागद ठेवले. अख्खं राष्ट्रगीत चांगलं चार सूर खाली आणलेलं होतं. कुरकुर झाली. बासरीवाला म्हणाला की इतक्या खाली बासरी कण्हते. मास्तर म्हणाले, ‘‘गाणाऱ्याचा गळा बसला तर पट्टी उतरवतात की खेळ रद्द करतात? उतरवतात. हा पहिला ट्रम्पेट आहे आपला. याच्या गळ्यात बसेल तिथे गाणं बसवायचं.’’

मग पोस्टमन म्हणाला, ‘‘मला काय, माझा ढोल कुठल्याही पट्टीत एवढंच बोलतो.’’

नर्सबाई काकांच्या कानाशी येऊन म्हणाल्या, ‘‘आता दोघांचं मी एकटी वाजवणार नाही हं. आधीच सांगते.’’

रविवारी मैदान तुडुंब भरलं होतं. खेळाडूंच्या दोन रांगा उभ्या राहिल्या. बेटवाले टोपी छातीशी धरून उभे. तो अकराव्या नंबरचा टोकाला होता, उंच आणि लाजरा. निवेदकानं त्यांच्या देशाचं नाव घेतलं आणि हजारो माणसं एकदम शांत झाली. पडदा उघडण्यापूर्वीची ती शांतता. काकांनी ओठ ओले केले आणि श्वास भरला.

पहिला सूर थरथरला. ऐकणाऱ्याला तो मुद्दाम थरथरवल्यासारखा वाटला असेल, काकांना खरं ठाऊक होतं. दुसरा जागेवर बसला. तिसऱ्याला कवळी घट्ट राहिली. हा त्यांचा जुना आवाज नव्हता. जुना पत्र्यासारखा लखलखायचा, कबुतरं उडवायचा. हा खालचा होता, गडद, गोल, माणूस खुर्ची पुढे ओढून बोलतो तसा. चार ओळी ते एकट्यानं बोलले आणि मग मागून सगळा बँड आला, ढोलासकट.

आणि तेव्हा एक गोष्ट झाली, जी कुणीच ठरवली नव्हती. बेटवाले गाऊ लागले. टेपवर त्यांचं राष्ट्रगीत इतकं उंच लावलेलं असायचं, की तगड्या बाप्यांना ते झेपायचं नाही. साखळीभर त्यांनी ओठ हलवून वेळ मारून नेली होती. आज पट्टी त्यांच्या गळ्यात येऊन बसली. पहिल्यांदा भूगोलवाल्यानं चमकून शेजाऱ्याकडे पाहिलं, मग यष्टिरक्षकाचा आवाज आला, आणि दुसऱ्या कडव्याला अकराही जण मोकळ्या गळ्यानं गात होते. अकराव्या नंबरचा तर सुरात नव्हता, पण सगळ्यात मोठ्यानं तोच.

बँड स्टँडखालच्या सावलीत जाऊन बसला. मास्तरांनी काकांच्या मांडीवर एक थाप मारली. नर्सबाईंनी पाण्याची बाटली पुढे केली.

आपला डाव आटोपून बेटवाल्यांचा अर्ध्यावर आला, तेव्हा त्यांचा मॅनेजर शोधत आला. घामाघूम, हातात टोपी. त्यानं मास्तरांना विचारलं, ‘‘ते सुरुवातीचं कोणी वाजवलं?’’

मास्तरांनी बोट दाखवलं.

‘‘बक्षीस समारंभात जिंकणाऱ्याचं राष्ट्रगीत पुन्हा वाजतं ना? आम्ही जिंकलो तर टेप लावू नका. तुम्हीच वाजवा, असंच, इतकंच खाली. पोरं म्हणतायत, आम्हाला पुन्हा गायचंय.’’

‘‘जिंका तर खरे,’’ काका म्हणाले.

मॅनेजर हसून गेला. काकांनी माउथपीस काढून मुठीत धरलं, गार पडू नये म्हणून, आणि खांबाआडून मान काढून धावफलक पाहिला. बेटवाल्यांच्या पाच विकेट पडल्या होत्या आणि पल्ला लांब होता. भूगोलवाला अजून खेळत होता.

‘‘अरे, जरा सांभाळून खेळ,’’ काका पुटपुटले. ‘‘घाई कसली आहे तुला?’’