सांगाडा ठनठनीत हाय

टकटक केल्याशिवाय आमच्या शेजारच्या काकांचा कशावरच विश्वास बसत नसे. नारळ, कलिंगड समजू शकते, पण हा माणूस लग्नाच्या हॉलमध्ये खुर्चीलाही टिचक्या मारून मग बसायचा. उरणच्या गोदामात कंटेनर ठोकून कुठे गंजलाय ते सांगण्यात त्यांची उभी हयात गेली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी सोसायटीतली स्वयंपाकघरं धरली.

आमच्या बिल्डिंगमधली सगळी किचनं एकदमच म्हातारी झाली, त्यामुळे घरोघरी एकच वाद. भिंतीवरची कपाटं मुळापासून नवी करायची, की नुसती दारं बदलायची? खर्च टाळायला प्रत्येकीचा नवरा काकांना बोलावून आणी. काका कपाटाला कान लावून टकटक करत आणि निकाल देत, "सांगाडा ठनठनीत हाय. दारं बदला नि गप बसा." मी पोपटी रंगाचं नवंकोरं किचन पसंत करून ठेवलं होतं. काका येऊन गेले आणि माझ्या वाट्याला जुन्याच कपाटांवर पोपटी दारं आली. नंतर काही दिवस मी त्यांच्याशी बोललेच नाही.

खरा अन्याय त्यांच्याच घरात चालला होता. काकू जेमतेम त्यांच्या खांद्याला लागायच्या. फ्लॅट नवा असताना त्या माहेरी, मोऱ्याला गेल्या होत्या. तेव्हा सुताराने विचारलं, "हात कुठवर पोचतो?" काकांनी आपलाच हात वर केला. सुताराने तिथे पेन्सिलीची खूण केली आणि तेवढ्या उंचीवर कपाटं ठोकली. त्यांतून काकांनी स्वतः कितीतरी वर्षं एक डबाही काढला नाही. काकू वर्षानुवर्षं स्टुलावर चढत राहिल्या. त्यांनी कुरकुर केली की काका हौसेने दारं बदलून देत.

"दारं सोन्याची लावा," काकू मला म्हणायच्या, "पन ती वरच हायत ना गं बाय!"

पुढे काकूंचे गुडघे संपावर गेले. मग फोडणीचं तेल तापलं की हाक यायची, "अवो, हिंग!" काका पेपर टाकून धावत. बसतात न बसतात तोच, "अवो, हळद!" एवढं होऊनही काका सांगाड्याचं कौतुक सोडत नव्हते.

एका दुपारी काका बाहेर गेलेले असताना काकू चढल्या आणि स्टूल सरकलं. आवाज ऐकून मी धावले. मनगट सुजण्यावर निभावलं, पण घरी आल्यावर काकांचा चेहरा पाहवेना. कधी नव्हे ते त्यांनी कुठेही टकटक केली नाही.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. काकांनी कपाटावर बोटं वाजवली. कपाट असं खणखणीत वाजलं, की दारात उभ्या मलाही ऐकू आलं.

"सडलाय," काका म्हणाले. "पार सडलाय. काढून टाक."

"काका, माल तर एकदम टकाटक आहे!"

"मी सांगतो ना, सडलाय!" काका त्याच्यावर खेकसले. मग त्यांनी काकूंना खांद्याला धरून ओट्यापाशी उभं केलं. "हिचा हात बघ. हिचा माप घे."

मी तोंडाला पदर लावला. हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही.

नवी कपाटं इतकी खाली आली, की ओट्यावरच्या माठातून पाणी घ्यायला वाकलेल्या काकांचं कपाळ रोज त्यांच्यावर आपटायचं. टेंगूळ चोळत ते म्हणायचे, "माल चांगला बसवलाय."

काका गेले त्याला आता काही महिने झाले. काकूंच्या लेकीने उलव्याला मोठा फ्लॅट घेतलाय, किचन तर मासिकातल्यासारखं. तिकडेच राहायला ये म्हणून ती रोज फोन करते. परवा माझ्यासमोरच फोन आला. काकूंनी तो कान आणि खांद्याच्या मध्ये धरला आणि बोलता बोलता, टाचा न उचलता, वरचा साखरेचा डबा खाली घेतला.

"नाय गं, तुजी कपाटं उंच हायत," त्या म्हणाल्या आणि माझ्या चहात साखर घालू लागल्या.