टेबलावरचं स्क्रँटन

साठच्या दशकात दुबईत तेल शोधायला आलेल्या अमेरिकनांपैकी एकजण रोज खाडीवर, आमच्या रत्नागिरीच्या चाचांच्या हॉटेलात चहा प्यायला यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, गाव मात्र पाठ झालं. स्क्रँटन. तिथल्या कोळशाच्या खाणी बंद पडत गेल्या, म्हणून तो इथवर आला होता.

कुणी "कुठले तुम्ही?" विचारलं, की तो चहात बोट बुडवून टेबलाच्या मधोमध, नकाशात असावं तसं, ठिपका देऊन स्क्रँटन काढायचा. उकाड्याने ते लगेच वाळायचं. तो पुन्हा काढायचा. त्याच्या देशातल्या लोकांनाही ते गाव ठाऊक नसायचं. एकदा टेक्सासचा एक साहेब हसून म्हणाला, "न्यूयॉर्कजवळ आहे म्हण ना, सुटशील!"

"न्यूयॉर्क आमच्याजवळ आहे," तो शांतपणे म्हणाला आणि कोपऱ्यात न्यूयॉर्कचा ठिपका दिला.

काय ऐट होती त्या माणसाची! मी हर्णैचा, पण दुबईभर मुंबईचा म्हणून मिरवायचो.

तो परत गेल्यावर हॉटेलात एका नव्या माणसाने मला विचारलं, "भाईसाब, आप बंबई के?"

मी चहात बोट बुडवलं. मधोमध हर्णै काढलं. मुंबईला कडेला जागा दिली.