आधी बसा

दुर्गच्या कोर्टातल्या आमच्या वकीलबाई माणूस बसल्याशिवाय त्याचं एक अक्षर ऐकत नाहीत. मी सातवीतून शाळा सोडून गोंदियाकडून भिलाईला ठेक्यावर आलेला. मोठ्या माणसांपुढे उभं राहायचीच सवय. "बसा ना भाऊ, उभे कावून राहिले?" हे प्रत्येक तारखेला ऐकायचो. मृत्युपत्राच्या भांडणातही त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: सही करताना म्हातारा बसला कुठे होता?

ठेकेदाराने मला काढलं आणि कोर्टात माझाच राजीनामा दाखवला. सही माझीच होती, कामावर घेताना कोऱ्या कागदावर घेतलेली. त्याचा मुंशी शपथेवर म्हणाला, "मेरे सामने लिखा, ऑफिस में."

"खड़े-खड़े?" बाईंनी विचारलं.

"नहीं मैडम, कुर्सी पर, आराम से."

"अच्छा! लेबर को कुर्सी देते हो? और किस-किस को दी?"

मुंशी चाचरला. "तो... खड़े-खड़े ही लिखा होगा."

जजसाहेबसुद्धा हसले.

काम परत मिळालं. गावाहून आलेले मुरमुऱ्याचे लाडू घेऊन गेलो, तेव्हा बाई फोनवर बोलत होत्या. मी खुर्ची ओढली आणि बसलो. फोनवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "शिकले बाप्पा!"